निळ्या काचेची फाईल: आमच्या पेटंटची दोन वर्षं

काल तिसऱ्या वर्षाचं नूतनीकरण शुल्क भरलं, ८०० रुपये, आणि दोन वर्षं दुकानाच्या टेबलावर पडून असलेली फाईल पहिल्यांदा कपाटात ठेवली. प्रोजेक्टरमधल्या एका लहानशा भागाचं पेटंट अप्पांच्या आणि माझ्या नावावर झालं आहे. अप्पा म्हणजे माझे वडील. भुसावळला आमचं प्रोजेक्टर, अँप्लिफायर आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, अप्पा सातवी शिकलेले. पेटंट कसं काढतात हे सांगणारं आमच्या ओळखीत कुणीही नव्हतं. म्हणून तारखा, पैसे, वाट पाहणं, सगळं क्रमानं लिहिते आहे.

सुरुवात मे २०२२ ची. यावल तालुक्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक सर सुट्टीत दुरुस्त करून ठेवा म्हणून प्रोजेक्टर घेऊन आले. चालू केला तर पडद्यावर मधोमध हळद सांडल्यासारखा डाग. त्या महिन्यातला तसा तो चौथा होता. अप्पांनी भिंतीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "येले ऊन लागनं."

ते अगदी बरोबर होतं. तीन एलसीडीच्या प्रोजेक्टरमध्ये दिव्याचा पांढरा प्रकाश डायक्रोइक आरशांनी लाल, हिरवा आणि निळा असा वेगळा करतात. डायक्रोइक म्हणजे एक रंग परतवणारे आणि बाकीचे आरपार जाऊ देणारे आरसे. प्रत्येक रंग आपापल्या एलसीडी पॅनेलमधून जातो आणि शेवटी चौकोनी प्रिझममध्ये तिन्ही एकत्र होऊन एकाच भिंगातून पडद्यावर पडतात. प्रत्येक पॅनेलच्या पुढे-मागे पोलरायझर असतो, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी पातळ पट्टी. चित्राचा भाग काळा असतो तेव्हा पॅनेलमधून आलेला सगळा प्रकाश मागचा पोलरायझर अडवतो, म्हणजे तेवढी उष्णता तो स्वतः पितो. निळा प्रकाश कमी तरंगलांबीचा, जास्त ऊर्जेचा. त्यामुळे तिघांत निळ्याचीच पट्टी आधी जळते. पांढऱ्यातून निळा वजा झाला की पिवळं उरतं.

त्यात आमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या वर्गखोलीत त्याहून जास्त, आणि हवेच्या जाळीत कापसाचे बारीक तंतू अडकलेले. जिनिंगच्या आसपासच्या शाळांचे प्रोजेक्टर उघडले की जाळीवर पांढरी गोधडीच निघते. नवी पट्टी बसवली की वर्ष-दीड वर्ष चालते, पुन्हा तोच डाग.

अप्पा तरुणपणी टूरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूतल्या पडद्यावर त्यांनी कार्बनच्या कांड्यांमधल्या विजेच्या झोतावर सिनेमे दाखवले आहेत. दर काही मिनिटांनी दोन कांड्यांमधलं अंतर हातानं जुळवायचं, आणि फिल्म एका जागी अडकली तर ती पेटायच्या आत झडप पाडायची. प्रकाश आणि उष्णता जोडीनंच येतात हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. पंखा मोठा बसवावा असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, हवा तेवढीच आहे, ती वाटून घ्यायला शीक. लाल रंगाच्या वाटेला तितक्या हवेची गरज नसते. निळा तापला की त्याला जास्त, थंड असला की सगळ्यांना सारखी. पण हे वाटप करणार कोण? अप्पांनी भंगारातली इस्त्री उघडली आणि तिच्या थर्मोस्टॅटची द्विधातू पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. दोन धातू एकमेकांना चिकटवलेले; तापले की एक जास्त वाढतो आणि पट्टी वाकते. वीज लागत नाही, सर्किट लागत नाही.

डिसेंबर २०२२ पर्यंत पाच नमुने केले. कल्पना थोडक्यात अशी: निळ्याचा पोलरायझर एका चौकटीत बसवायचा. पॅनेल आणि प्रिझमच्या मधल्या फटीत ती चौकट वरून सरकवता येते, पॅनेलला हात लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण तीन पॅनेल एकमेकांवर पिक्सेलला पिक्सेल जुळवलेली असतात आणि एक जरी हललं तरी अक्षरांना लाल-निळ्या कडा दिसू लागतात. त्याच चौकटीच्या खालच्या टोकाला द्विधातू पट्टीची छोटी झडप, हवेच्या नळीत उतरलेली. पोलरायझर तापला की चौकट तापते, चौकट तापली की झडप वळते आणि लालकडची थोडी हवा निळ्याकडे येते. दुसऱ्या नमुन्याची चौकट प्लास्टिकची केली होती, तो चाललाच नाही. पाचव्याची पितळेची. सगळ्या नमुन्यांना मिळून साधारण २२,००० रुपये गेले. फसलेले नमुने फेकू नका, वहीत तारखेनिशी नोंद करा. आम्हाला त्यातल्या एकाचा पुढं किती उपयोग झाला ते सांगेनच.

पाचवा नमुना चालल्यावर मी इतकी हरखले की व्हिडिओ करून दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपवर टाकणार होते. सहज यावलच्या सरांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, ताई, आधी अर्ज करा, मग दाखवा. अर्जाच्या तारखेआधी वस्तू जगजाहीर झाली तर ती नवी राहत नाही आणि तुमचाच व्हिडिओ तुमच्याविरुद्ध उभा राहतो. काही अपवाद कायद्यात आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. तोवर नमुना आमच्या दुकानाबाहेर गेलेला नव्हता, हे नशीब.

जानेवारी आणि फेब्रुवारी २०२३ शोधात गेले. आपली कल्पना आधीच कुणाची तर नाही ना, हे पाहायला पैसे लागत नाहीत. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधाची सोय आहे, युरोपीय कार्यालयाची एस्पासनेट फुकट आहे, गूगल पेटंट्सही आहे. नुसते शब्द टाकून शोधलं की हजारो कागद येतात. वर्गीकरणाचा क्रमांक कळला की काम सोपं होतं: प्रोजेक्टरसाठी जी०३बी २१, रंगीत चित्र प्रक्षेपणासाठी एच०४एन ९/३१, प्रकाशकिरण वेगळे करणं आणि जोडणं यासाठी जी०२बी २७/१०. जपानी कंपन्यांचे कागद ढिगानं निघाले. मशीनचं भाषांतर ओबडधोबड असतं, पण आकृत्या सगळं सांगतात. रात्री दुकान बंद केल्यावर मी आकृत्या दाखवायची आणि अप्पा हवा कुठून कुठं जाते ते बोटानं दाखवायचे.

या दोन महिन्यांत मी जेवढं शिकले तेवढं कॉलेजात शिकले नव्हते. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनला तीन कंदिलांपुढे (म्हणजे तेव्हाच्या प्रोजेक्टरपुढे) लाल, हिरवी आणि निळी गाळणी धरून एका पट्टेदार फितीचं रंगीत चित्र पडद्यावर उमटवलं होतं. आज आमच्या टेबलावरच्या डब्यात तेच चालतं, फक्त तीन कंदिलांच्या जागी एक दिवा आणि आरसे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलानं पडद्यावर दाखवली, त्या खेळाचं नाव शांबरिक खरोलिका. हे वाचून दाखवलं तेव्हा अप्पांनी ते नाव तीन-चार वेळा म्हणून पाहिलं.

पण माझ्या मनात घर करून राहिला तो किनेमाकलरचा खटला. १९०६ मध्ये इंग्लंडात जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी रंगीत चित्रपटाच्या या पद्धतीचं पेटंट घेतलं. लाल आणि हिरवी अशी दोनच गाळणी कॅमेऱ्यापुढे आणि प्रोजेक्टरपुढे फिरायची. १९११ च्या दिल्ली दरबाराचं चित्रण याच पद्धतीनं झालं. पुढं प्रतिस्पर्धी शोधक विल्यम फ्रीझ-ग्रीन यांच्या बाजूनं त्या पेटंटला आव्हान दिलं गेलं आणि १९१४ मध्ये अपिलात ते रद्द झालं. पेटंटात नैसर्गिक रंग दाखवण्याचा दावा होता, आणि दोन रंगांच्या मिश्रणातून निळा काही नीट येत नव्हता. यंत्र चालत होतं, लोक तिकीट काढून बघत होते, तरी कागदावर जेवढं म्हटलं तेवढं हातात नव्हतं म्हणून पेटंट गेलं. तेही निळ्यापायी. माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात "कोणत्याही प्रोजेक्टरचे रंग कायम टिकवणारे उपकरण" अशी होती. त्या रात्री मी ती ओळ खोडली.

६ मार्च २०२३ ला तात्पुरता अर्ज भरला. यात दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतो ती वाक्यं, लिहावे लागत नाहीत. वर्णन आणि आकृत्या पुरतात आणि तारीख तुमची होते. मात्र १२ महिन्यांच्या आत पूर्ण अर्ज दिला नाही तर सगळं सोडल्यासारखं होतं. त्याआधी डिजिटल स्वाक्षरी घेतली, १,९०० रुपये. ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये येते आणि माझ्या जुन्या लॅपटॉपला ती ओळखायलाच दोन दिवस लागले, म्हणून शेवटच्या तारखेवर भिस्त ठेवू नका. फॉर्म १ अर्जाचा, फॉर्म २ वर्णनाचा. एखादी व्यक्ती स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्ज करत असेल तर शुल्क १,६०० रुपये, त्यात ३० पानं आणि १० दावे बसतात. कागदपत्रं हिंदी किंवा इंग्रजीतच लागतात, मराठी चालत नाही. मी आधी सगळं मराठीत लिहिलं, कारण विचार मराठीतच सुचत होता, मग सरांच्या मदतीनं इंग्रजी केलं. मराठी मसुदा करण्यात गेलेले आठ दिवस वाया गेले नाहीत: जे वाक्य मला मराठीत नीट लिहिता येत नव्हतं, ते मला नीट समजलेलंच नव्हतं.

शोधक म्हणून दोघांची नावं घातली. अप्पा नको म्हणत होते. पण झडपेची कल्पना त्यांची आणि सरकत्या चौकटीची माझी, आणि फॉर्मवर खरे शोधक कोण ते लिहून सही करायची असते. तिथं मानपान किंवा भीड आणू नये.

अर्ज झाल्यावर नमुना बाहेर काढता आला. मे २०२३ चा आख्खा महिना दोन सारखे प्रोजेक्टर दुकानाच्या माळ्यावर समोरासमोर चालवले, एकात आमची चौकट, एकात कंपनीची मूळ पट्टी. खोलीत ४३ अंश असताना मूळ पट्टीची कड ८१ पर्यंत गेली, आमची ७२ वर थांबली. नऊ अंश ऐकायला थोडे वाटतात. पट्टीच्या आयुष्यात तो फरक मोठा असतो. जूनमध्ये यावलच्या शाळेला एक चौकट बसवून दिली.

त्यानंतर पावसाळाभर आम्ही ढिलाई केली, हे मान्य करायला हवं. नोव्हेंबर उजाडला तेव्हा चारच महिने उरले होते. दावे स्वतः लिहून पाहिले आणि कळलं की हे माझ्या आवाक्यातलं नाही. प्रत्येक दावा एका वाक्यात लिहायचा असतो आणि त्यातला एक शब्द जास्त पडला तर हक्क आकसतो, कमी पडला तर दुसऱ्याच्या शेतात शिरतो. एका सल्लागारानं आगाऊ ५,००० रुपये घेतले आणि नंतर फोनच उचलला नाही. मग पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरची नोंदणीकृत एजंटांची यादी काढून पुण्याच्या एका मॅडमशी बोलले. पूर्ण अर्ज आणि आक्षेपांचं उत्तर मिळून ३८,००० रुपये ठरले, तीन हप्त्यांत. माणूस यादीत आहे ना, आणि पैशात नेमकं काय काय येतं, हे लेखी घ्या.

मॅडमनी पहिल्याच फोनवर विचारलं, "फसलेले नमुने आहेत का?" मी प्लास्टिकच्या चौकटीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तो मोजून वर्णनात घालू. अपयश कागदावर घालायचं हे मला विचित्र वाटलं, पण घातलं.

२७ फेब्रुवारी २०२४ ला पूर्ण अर्ज गेला. २६ पानं, ९ दावे, म्हणून जादा शुल्क नाही. सोबत फॉर्म ३ (परदेशातल्या अर्जांची माहिती) आणि फॉर्म ५ (शोधक कोण याची घोषणा), आणि मॅडमना अधिकार देणारा फॉर्म २६. त्याच दिवशी आणखी दोन फॉर्म भरले. फॉर्म ९ लवकर प्रसिद्धीसाठी, २,५०० रुपये. नाहीतर अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. दुसरा फॉर्म १८ए, जलद तपासणीसाठी, ८,००० रुपये. साध्या तपासणीचा फॉर्म १८ हा ४,००० चा आहे. जलद तपासणी सगळ्यांना मिळत नाही, पण अर्जदारांपैकी एक जरी स्त्री असेल तर मिळते. हा नियम मला मॅडमकडूनच कळला. वाचणाऱ्या बायांनो, हे लक्षात ठेवा. घरातल्या शोधात तुमचा वाटा खरोखर असेल तर अर्जावर तुमचं नाव हवंच.

परदेशात अर्ज करायचा का, हा प्रश्न याच आठवड्यात सुटायला हवा होता, कारण पहिल्या अर्जाच्या तारखेपासून १२ महिन्यांचीच मुदत असते. खर्च लाखांत जात होता. आम्ही नाही म्हटलं आणि त्याची खंत नाही.

पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. २२ मार्च २०२४ ला आमचा अर्ज त्यात आला. आठवड्याभरात ईमेलचा पाऊस: अमुक पुरस्कारासाठी निवड झाली, तमुक यादीत नाव घालायला एवढे पैसे पाठवा. काही पत्रं तर सरकारी वाटावीत अशी. अधिकृत पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात जे शुल्क दिसत नाही ते भरायचं नाही, इतकं पाळलं.

२४ मे २०२४ ला पहिला तपासणी अहवाल आला. दुपारी अडीचची वेळ, शटर अर्धं ओढलेलं. पानभर आक्षेप बघून माझे हातपाय गार पडले. सगळं नाकारलंय असंच वाटलं. मॅडमना फोन केला तर त्या शांत: जवळपास प्रत्येक अर्जाला असा अहवाल येतो, उत्तराला सहा महिने आहेत, आधी जेवून घ्या. तपासनीसांनी दोन जुने कागद काढले होते. पहिल्यात सरकवून काढता येणारी पोलरायझरची चौकट होती. दुसऱ्यात द्विधातू पट्टीनं उघडणारी हवेची झडप, एका वेगळ्याच विद्युत पेटीतली. म्हणणं असं, की ही दोन्ही एकत्र करण्यात कल्पकता काय? शिवाय कलम ३(एफ): माहीत असलेल्या, आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या तर तो शोध ठरत नाही.

ते कलम मी अप्पांना मराठी करून सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण आपली झडप स्वतंत्र कुठं आहे? तिला चौकटीतून काढ आणि शेजारी ठेव. वळेल का?"

उत्तर तेच होतं. झडप खोलीच्या उष्णतेवर चालत नाही, डब्यातल्या हवेवरही नाही. ती त्याच पोलरायझरच्या उष्णतेवर चालते आणि ती उष्णता चौकटीच्या धातूतूनच तिच्यापर्यंत येते. चौकट ही नुसती चौकट नाही, ती उष्णतेची वाट आहे. दोन वर्षं ही गोष्ट आमच्या हातात होती, पण एका वाक्यात मांडली नव्हती. मॅडमनी पहिला दावा त्याप्रमाणे अरुंद केला, दोन दावे गाळले, आणि ९ सप्टेंबर २०२४ ला उत्तर गेलं. दुरुस्ती करताना मूळ वर्णनात नसलेलं नवं काही घालता येत नाही. पितळ, उष्णतेची वाट, प्लास्टिकचा फसलेला नमुना, हे सगळं आधीच लिहिलेलं होतं म्हणून निभावलं.

डिसेंबरमध्ये सुनावणीची नोटीस आली, तारीख १६ जानेवारी २०२५. मुंबईच्या पेटंट कार्यालयात, अँटॉप हिलला जावं लागेल म्हणून मी रेल्वेची तिकिटं बघत होते, पण सुनावणी व्हिडिओ कॉलवर असते. सगळ्या प्रवासात मुंबईला एकदाही जावं लागलं नाही. दुकानाचा इन्व्हर्टर आदल्या दिवशी पूर्ण चार्ज केला, मोबाईलचं नेट वेगळं तयार ठेवलं. सुनावणी वीस-पंचवीस मिनिटं चालली. बहुतेक मॅडमच बोलल्या. शेवटी निर्णय देणाऱ्या कंट्रोलर साहेबांनी विचारलं, चौकट प्लास्टिकची केली तर? मॅडमनी पान आणि तक्ता क्रमांक सांगितला: दुसरा नमुना, झडप वळली नाही. मी कॅमेऱ्याबाहेर बसलेल्या अप्पांचा हात धरून ठेवला होता. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, ते २८ जानेवारीला दिलं.

मग वाट पाहणं. रोज सकाळी पोर्टल उघडून अर्जाची स्थिती बघायची सवयच लागली. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी लक्ष तिकडं. हा काळ मला आधीच्या सगळ्यापेक्षा जड गेला, कारण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

११ एप्रिल २०२५, शुक्रवार. ईमेलमध्ये मंजुरी आणि प्रमाणपत्राची पीडीएफ. पोस्टानं कागद येत नाही, आम्ही जळगावला रंगीत छापून आणलं. पेटंटची मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे ६ मार्च २०२३ पासून २० वर्षं. मंजुरीला दोन वर्षांहून जास्त लागली असतील तर मधल्या काळाचं नूतनीकरण शुल्क पेटंटची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायचं असतं. आमचं तिसरं वर्ष सुरू झालेलं होतं, ते हे कालचे ८००. सहाव्या वर्षापर्यंत दर वर्षी ८००, पुढं वाढत जातात. पेटंटचा वापर होतो आहे की नाही हे सांगणारा फॉर्म २७ आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा भरायचा असतो.

हिशेब मांडला तर सगळं मिळून ७४,८०० रुपये झाले, बुडालेले ५,००० वेगळे. त्यात सरकारी शुल्क १२,९००. बाकी नमुने, मॅडमचे पैसे आणि डिजिटल स्वाक्षरी.

गेल्या आठवड्यात यावलचे सर प्रोजेक्टर साफ करायला घेऊन आले. चौकट तीच, जून २०२३ ची, दोन उन्हाळे होत आले. जाळी झटकली, चालू केला. सरांच्या पेनड्राइव्हवर भूगोलाचा धडा होता, तापी नदीचा. अप्पांनी खुर्ची भिंतीजवळ ओढली, नदीच्या निळ्यावर मधोमध बोट ठेवलं आणि मला हाक मारली.